दोन डावी पॅनेलं

उजव्या दाराला ते पॅनेल बसेना, तेव्हा काकांना आधी वाटलं की आपल्या ट्रकनंच म्हातारपणी अंग बदललं. त्यांनी ते खालून घालून पाहिलं, वरून घालून पाहिलं, शेवटी गुडघ्यानं रेटून पाहिलं. काच खाली-वर करायच्या मुठीचं भोक पुढे यायला हवं होतं, ते मागे जात होतं. तिरकी कडा समोरच्या काचेकडे असायला हवी, ती सीटकडे तोंड करून उभी होती.

"नाना," काका ट्रकमध्ये बसूनच ओरडले, "बसत नाही रे हे. मी सुटलोय हे मान्य आहे, पण पॅनेल दाराला लावायचंय, माझ्या पोटाला नाही."

एरवी यावर नानांचा थोरला मुलगा तरी हसला असता. पण तो नुकताच पलीकडच्या दाराला दुसरं पॅनेल बसवून वळसा घालून आला होता. ते पहिल्या झटक्यात बसलं होतं. त्यानं काकांच्या हातातलं पॅनेल पाहिलं, पुन्हा पलीकडे जाऊन बसवलेलं पाहिलं, आणि तो तिथेच थांबला. दोन्ही डावी होती.

ट्रक काकांचा. नानांच्या या धाकट्या भावानं तीस वर्षं तो चालवला, तोही पावसापाण्यात काच खाली करून, कोपर बाहेर काढून. त्यामुळे चालवणाऱ्याच्या बाजूचं जुनं पॅनेल फुगून, भुगा होऊन कधीच गळून गेलं होतं. डावीकडचं तेवढं धड उरलं होतं. आता काकांच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि पुढच्या आठवड्यात ट्रक जावयाच्या हाती जायचा होता. जायच्या आधी तो आतून नवा करायचा, आणि नानांनीच करायचा, असा काकांचा हट्ट होता.

अशा वेळी करायचं काय, हे नानांच्या या गाड्यांच्या सीट-पॅनेलांच्या दुकानात शिकवावं लागत नसे. धड असलेलं जुनं पॅनेल म्हणजे फर्मा. तो प्लायवर सुलटा ठेवून आखला की डावं, उलटा ठेवून आखला की उजवं. या घरातली पोरं डावी चप्पल कुठली हे कळायच्या आधी एवढं शिकतात. फर्मा उलटवायचा राहिला होता. पुढचं सगळं मात्र व्यवस्थित झालं होतं. पाठीमागून क्लिपांच्या खाचा कोरल्या होत्या, वर फोम चिकटवला होता, त्यावर तपकिरी रेक्झिन ताणून स्टेपल मारले होते. आता ते फिरवून उपयोग नव्हता.

नेमकी त्याच वेळी थोरल्याची बायको, घरची सून, फाटकातून आत आली. ती सकाळच्या पहिल्या गाडीनं येणाऱ्या धाकट्या नणंदेला आणायला गेली होती. नवऱ्याची उभं राहण्याची तऱ्हा पाहूनच तिला काय झालं ते कळलं. नणंदेची बॅग तिनं हळूच खाली ठेवली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "काल मी आखलं ते."

नाना हाताला लागलेलं सोल्यूशन चिंधीनं पुसत दुकानातून बाहेर आले. त्यांनी दोन्ही दारं पाहिली.

"फर्मा उलटवला नाहीस?"

"राहिलं, नाना."

"राहिलं. बावीस वर्षं झाली तुला या घरात. रेक्झिन काय झाडाला लागतं?" नाना तसे तापट नव्हते, पण माल फुकट गेला की त्यांचा तोल जायचा. तो गेला तसाच परत आला आणि ते अर्धवट हसले. "सासूवर गेलीस तू. तिचंही शेवटी शेवटी हेच झालं होतं. डावं म्हणजे कुठलं आणि उजवं म्हणजे कुठलं, पत्ताच नाही. शेवटी गिऱ्हाइकासमोर हातातली पेन्सिल काढून घ्यावी लागली मला."

हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सांगताना त्यांना बायकोचं कौतुकच वाटत असावं. काका ट्रकमधून उतरले आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसले.

*

मागच्या खोलीत रेक्झिनच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीनं चपलाही काढल्या नव्हत्या.

"वहिनी, काल रात्री फोनवर तू म्हणालीस की दिवसभर सीटची कव्हरं शिवतेयस, मान वर करायला वेळ नाही."

सून शिलाई मशीनची सुई तपासायला लागली.

"मग आखलंस कधी?"

"वन्सं, चहा टाकते."

"चहा नको मला. आखलंस कधी?"

सून उत्तर देणार नाही हे बघून दारातून थोरला म्हणाला, "नानांनी आखलं. ती रोज त्यांच्या आधी उठते, आदल्या दिवशीचं काम बघते. चुकलेलं असलं तर नवं कापून त्याच जागी ठेवते. आज तुला आणायला गेली आणि त्यांनी सकाळीच रेक्झिन चढवून टाकलं."

"आणि तू काय करत असतोस?"

"मी झोपलेला असतो."

"खरं सांग."

"झोपल्यासारखा पडलेला असतो," थोरला म्हणाला.

धाकटी एका दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायची. अनोळखी माणसांच्या घरात काय येऊ घातलंय हे तिला त्यांच्या आधी कळायचं. आपल्याच घरातलं तिला कुणी सांगितलं नव्हतं, याचा तिला राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं नाही, हे बरंच झालं.

"किती दिवस चाललंय हे?"

"मी करतेय त्याला आठ महिने झाले," सून म्हणाली.

"म्हणजे आई गेल्यापासून."

"आईंनीच सांगितलं होतं. जायच्या आधी पंधरा दिवस. तुम्ही औषधं आणायला गेला होता, हे दुकानात होते. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, दोन वर्षं मी निभावलं, आता तू निभाव. ह्यांना कळू देऊ नकोस. एवढंच."

"आईनं काय निभावलं?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. हा भाग त्यालाही नवीन नव्हता, फक्त तो कधी कुणी तोंडानं म्हटला नव्हता.

"आई कधीच चुकल्या नाहीत, वन्सं. चुकायचे नाना. आई म्हणायच्या, मीच आखलं होतं. नानांना आपण आखल्याचं आठवायचं नाही, त्यामुळे त्यांना ते पटायचं."

धाकटी एका गुंडाळीवर बसली. आईशी फोनवर झालेलं बोलणं तिला आठवलं. आई, आता पुरे कर, तुला जमत नाही, उगीच नानांचा माल फुकट घालवतेस, असं ती स्वतः म्हणाली होती. त्यावर आई म्हणाली होती, हो गं, हल्ली डोकं चालत नाही माझं.

"त्यांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली. "मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. तिथे करवत नाही, पटाशी नाही. उद्या हात कापून घेतला तर?"

"तिथे दिवसभर करतील काय?" थोरल्यानं विचारलं.

"इथे काय करतायत? वहिनीला दुप्पट काम करून ठेवतायत."

आठ महिने थोरला गप्प राहून बायकोच्या बाजूला होता. आता तो म्हणाला, "ती म्हणतेय त्यात चूक नाही. मलाही रोज झोपेचं सोंग घेणं होत नाही आता. सांगून टाकू."

नवरा असा एका वाक्यात पलीकडे जाईल हे सुनेला वाटलं नव्हतं.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली.

"आईला दिलास. आई नाहीये."

"म्हणून तर मोडता येत नाही. असत्या तर जाऊन विचारलं असतं, की आता काय करू."

बाहेर काका एकटेच ट्रकच्या पायरीवर बसले होते. उघड्या खिडकीतून त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यात त्यांना ठाऊक नव्हतं असं एकही वाक्य नव्हतं. त्यांना ठाऊक आहे, हे मात्र आत कुणाला ठाऊक नव्हतं.

*

चुकलेलं पॅनेल नानांनी टेबलावर पालथं घातलं आणि चपट्या पेचकसानं ते एकेक स्टेपल उचकटू लागले. रेक्झिन वाचलं तर आर्मरेस्टला तरी होईल. हे काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं, विचार करावा लागत नव्हता. फोमचा थर ओढून काढला, प्लाय झटकला आणि ते थांबले.

कडेनं पेन्सिलची रेघ होती.

सून शिंप्याची मुलगी. ती सगळं खडूनं आखायची, प्लायसुद्धा. पेन्सिल वापर म्हणून नानांनी तिच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं. तिचं आपलं एकच उत्तर, खडूची रेघ पुसता येते, नाना. इथे खडूचा कणही नव्हता. आणि आत वळणाऱ्या प्रत्येक कोपऱ्यावर रेघ बोटभर पुढे गेली होती. करवत कुठे वळवायची ते दिसावं म्हणून रेघ तशी पुढे नेलेली. असं पंचक्रोशीत एकच माणूस करायचा. तो माणूस आत्ता तिथे पेचकस धरून उभा होता.

त्यांनी कालची दुपार आठवून पाहिली. काका आले होते. ट्रकला आतून इतका मळ आहे की त्यात कांदे लावता येतील, असं काहीतरी त्यांनी म्हटलं होतं. चहा झाला. प्लाय कपाटामागून काढला. त्यानंतर एकदम संध्याकाळ होती. मधलं काहीच सापडेना. चष्मा हरवला की माणूस निदान शोधतो तरी. इथे काही हरवलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली.

ती आली. तिनं टेबलावरचा उघडा प्लाय पाहिला आणि पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

"हे मी आखलंय."

"नाना, ते काल जरा घाईत—"

"मला खोटं सांगू नकोस. बोल, केव्हापासून?"

बाहेर नणंद आणि नवरा दारापर्यंत येऊन थबकल्याचं तिला जाणवलं. सांगा-सांगा म्हणणारे दोघंही आता श्वास रोखून उभे होते. सांगायची वेळ आली ती तिच्यावरच.

"आठ महिने," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा."

नानांनी मान हलवली. दुखणं किती जुनं ते कळल्यावर माणूस हलवतो तशी.

"आणि त्याच्या आधी? तेव्हा मी ठीक होतो?"

यावर हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण समोरचा माणूस इतक्या आशेनं बघत होता की तिला हो म्हणवेना.

"त्याच्या आधी आई बघायच्या."

नानांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला, मग उचलून त्याच्या खाचेत ठेवला. टेबलाला धरून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. याच स्टुलावर बायकोचे शेवटचे काही दिवस गेले होते. कामाला हात लावायचा नाही, नुसतं बस, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं.

"म्हणजे ती चुकत नव्हती."

"नाही."

"एकदाही?"

"नाही, नाना."

"मी तिला लोकांसमोर बोललो. ते गिऱ्हाईक, कोण ते, हसलं होतं. तीही हसली." त्यांनी मान वर केली. "हसली ना ती?"

"हसल्या होत्या."

"नंतर काही म्हणाली तुला?"

सुनेनं हे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "मीच रागावले होते त्यांच्यावर. म्हटलं, का ऐकून घेता? तर म्हणाल्या, बोलू देत. मला बोलतायत तोवर स्वतःला बोलणार नाहीत."

नाना रडले. तोंडावर हात न घेता, मान वर ठेवून रडले. दारातून धाकटी पुढे यायला निघाली, तशी थोरल्यानं तिला दंडाला धरून थांबवलं. सून तिथेच उभी राहिली, कारण जवळ जायचं की नाही हे तिला कळेना.

"तुम्ही दोघींनी माझ्यावर माया केलीत," नाना शेवटी म्हणाले. "पण तिची माफी मागायची होती मला, ती आता कुणाकडे मागू? मला सांगितलं असतंत, तर ती असताना कळलं असतं."

आठ महिने आपण एक चांगलं काम करतोय असं सून समजत होती. ते चांगलंच होतं, आणि तरी नाना म्हणत होते तेही खरं होतं.

*

दुपारी त्यांनी नवा प्लाय काढला. "मी सांगतो, तू आख," नाना सुनेला म्हणाले. "खडूनं आख हवं तर." त्यांनी फर्मा उलटवला, आणि उलटवलाय ना, हे तिला दोनदा विचारून घेतलं. नानांनी कापलं, तिनं फोम चिकटवला, थोरल्यानं रेक्झिन ताणून धरलं. धाकटी स्टेपल मारायला बसली आणि लहानपणासारखा तिनं एक बोटावर मारून घेतला. उन्हं उतरायच्या आत उजव्या दारावर पॅनेल चढलं. काकांनी मूठ बसवली, काच खाली केली, वर केली. अडकलं नाही.

मग नानांनी सगळ्यांना ट्रकपाशीच थांबवलं. सकाळी सुनेला सगळ्यांसमोर बोललो, तर हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं, असं त्यांच्या मनात असावं.

"माझं डोकं उतरणीला लागलंय," ते म्हणाले. "धाकटे, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. राहीन मात्र इथेच. दुसरं म्हणजे," ते भावाकडे वळले, "तुझी वहिनी चुकत नव्हती. मी चुकत होतो. मी तुझ्यासमोरही तिला हसलोय, म्हणून सांगतो."

काकांनी बराच वेळ नव्या रेक्झिनवरून हात फिरवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

"तिनंच सांगितलं होतं. मी एकदा तुला म्हणणार होतो, जरा डॉक्टरला दाखव. तर मला शपथ घातली. म्हणाली, भावोजी, ह्यांच्याजवळ या हातांशिवाय दुसरं काही नाही, तेवढं राहू द्या."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"मला नव्हतं, नाना," धाकटी म्हणाली. "मीही आईला बोलले होते."

नानांनी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी त्या घरात या दोघांचंच दुःख एका मापाचं होतं.

काका निघाल्यावर नाना सुनेजवळ आले. बाकीचे आत गेले होते.

"एक काम करशील?"

"सांगा ना."

"उद्या मी हे विसरेन. उद्या नाही तर परवा. विसरलो की मी परत तिला हसेन." ते थांबले. "मी तसं बोललो की मला सांगायचं, ती चुकत नव्हती म्हणून."

"नाना, तुम्हाला परत पहिल्यांदा कळल्यासारखं लागेल."

"लागू दे. तिला काय लागलं नसेल?"

तिनं मान डोलावली. शब्द देण्याची या घरातली तिची ही दुसरी वेळ होती, आणि हा शब्द पहिल्याच्या अगदी उलट होता.

*

चार दिवस चांगले गेले. धाकटीनं रजा वाढवली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा दिली नाही. पाचव्या सकाळी नाना अंघोळ करून दुकानात आले तेव्हा चांगलेच खुशीत होते. काकांच्या ट्रकचं फसलेलं पॅनेल प्लायच्या तुकड्यांत उभं होतं. त्यांनी ते उचललं, फिरवून पाहिलं आणि हसायला लागले.

"हे बघा. परत डावं. हिचंच काम, दुसरं कोण करणार? शेवटी शेवटी डोकंच चालत नव्हतं बिचारीचं."

थोरल्यानं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि बायकोकडे पाहून हळूच मान हलवली. नको. सांगायलाच हवं म्हणणारी धाकटी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिनंही डोळ्यांनी तेच म्हटलं. आजचा दिवस जाऊ दे, वहिनी, हसतायत ते.

सुनेलाही ते हसणं हवंहवंसं वाटत होतं, नाही असं नाही. आणखी एक दिवस. आई असत्या तर त्यांनी दिलाच असता. तिनं नणंदेच्या हातातला एक कप घेतला, नानांपुढे ठेवला आणि त्यांच्या समोर बसली.

"नाना, आई चुकत नव्हत्या."

"चुकत नव्हती?" नाना अजून हसतच होते. "मग कोण चुकत होतं?"

ते उत्तराची वाट बघत होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं.